कुर्दांचा हक्क आणि बड्या राष्ट्रांचा आश्रय

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाची संक्षिप्त संहिता. वक्ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत.)



काल सायंकाळच्या चर्चेत एका तरुण साथीने सरळ प्रश्न विचारला. १९७१ साली आपण बांगलादेशाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार केला. जयप्रकाशजी त्यासाठी देशोदेशी हिंडले. मग तीन-चार कोटींच्या कुर्द समाजाला स्वतःचे राज्य मिळावे म्हणून जगातील सत्तांनी मदत करावी, असे म्हणायला आपण का कचरतो? प्रश्न निघताच सभागृहात दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की, स्वतंत्र कुर्दिस्तान हा साम्राज्यवाद्यांचा डाव आहे, त्यापासून दूर राहावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, हक्क तो हक्क. तो कोणाच्या हातून पदरात पडतो याची चिकित्सा करू नये. मला आज या दोन्ही बाजूंशी भांडायचे आहे.

माझ्या मते येथे दोन प्रश्नांची गल्लत होत आहे. कुर्दांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे काय, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे आणि त्या हक्कात वेगळे होण्याचा हक्कही येतो. परकीय सत्तांनी कुर्द राज्याच्या उभारणीस हातभार लावावा काय, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर देण्यापूर्वी गेल्या शंभर वर्षांत या सत्तांनी जो हातभार लावला त्याचा जमाखर्च मांडला पाहिजे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले; खतावणी पाहिल्याशिवाय मत देण्याची मला सवय नाही.

पहिले पान १९२० सालचे. ऑटोमन साम्राज्य कोसळल्यावर १० ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या सेव्हरच्या तहात, युफ्रेटिसच्या पूर्वेकडील कुर्दबहुल प्रदेशाला स्थानिक स्वायत्तता द्यावी आणि तेथील बहुसंख्य लोकांनी वर्षभरात मागणी केल्यास, राष्ट्रसंघाला ती योग्य वाटल्यास, स्वातंत्र्यही द्यावे अशी कलमे होती. याच तहाविरुद्ध आपल्याकडे खिलाफतीची चळवळ पेटली होती. तुर्कस्तानावरील अन्यायाचा निषेध करणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांपैकी फारशा कोणाच्या हे ध्यानी आले असेल असे वाटत नाही की, त्याच कागदावर आणखी एका परतंत्र समाजाला दिलेले वचनही लिहिलेले आहे. पुढे तीन वर्षांनी, २४ जुलै १९२३ रोजी, लोझानचा तह झाला. त्यात कुर्दांचा नामनिर्देशसुद्धा नव्हता. दरम्यान मुस्तफा केमाल यांनी तुर्कस्तान पुन्हा उभा केला होता, आणि ब्रिटिशांना त्यांच्याशी जुळते घ्यायचे होते. मोसूलचा प्रांत मात्र ब्रिटिशांना स्वतःच्या आधिपत्याखालील इराकात हवा होता. तो १९२५-२६ साली त्यांना मिळाला. १९२७ च्या ऑक्टोबरात किर्कुकजवळ बाबा गुरगुर येथे तेलाचा फवारा उसळला.

त्या काळातील शेख महमूद बर्झंजी यांची कहाणी म्हणजे या सर्व इतिहासाचे सूत्र आहे. ब्रिटिशांनी १९१८ साली त्यांना सुलेमानियाचे अधिकारी नेमले. ते स्वतंत्र वृत्तीने वागू लागताच १९१९ साली त्यांना पकडून हिंदुस्थानात हद्दपार केले. १९२२ साली तुर्कांचा धोका वाढला, तेव्हा त्यांनाच सन्मानाने परत नेले. त्यांनी स्वतःस कुर्दिस्तानचा राजा म्हणून घोषित करताच सुलेमानियावर ब्रिटिश विमानांनी बाँब टाकले. गरज असेल तेव्हा राजा आणि गरज सरली की बंडखोर, हा व्यवहार तेव्हापासून आजतागायत बदललेला नाही.

दुसरे पान समाजवादी म्हणवणाऱ्या सत्तेचे आहे, म्हणून ते आपण विशेष लक्षपूर्वक वाचले पाहिजे. २२ जानेवारी १९४६ रोजी इराणमधील महाबाद येथे काझी महंमद यांच्या नेतृत्वाखाली कुर्द प्रजासत्ताक जाहीर झाले. कुर्द भाषेतून शाळा, वृत्तपत्र, स्वतःचा झेंडा, असे सारे काही तेथे काही महिने नांदले. त्याला छत्र होते उत्तर इराणातील सोव्हिएट फौजांचे. मॉस्कोला उत्तर इराणच्या तेलाची सवलत हवी होती. ती देण्याचे तेहरानने मान्य करताच मे महिन्यात फौजा परत गेल्या, डिसेंबरात इराणी सैन्य महाबादेत शिरले, आणि ज्या चौकात प्रजासत्ताकाची घोषणा झाली त्याच चौकात १९४७ च्या मार्चअखेरीस काझी महंमद यांना फाशी दिले गेले. त्याच वर्षी इराणच्या मजलिसने तेलाचा करारही फेटाळून लावला. कुर्दांचे प्रजासत्ताक गेले आणि ज्यासाठी ते विकले ते तेलही मिळाले नाही.

तिसरे पान सर्वांत काळे आहे. मुस्तफा बर्झानी यांच्याशी इराक सरकारने ११ मार्च १९७० रोजी स्वायत्ततेचा करार केला होता. किर्कुक कोणाचे, या प्रश्नावर तो अडला. अशा वेळी बोलणी चालू ठेवणे हा मार्ग होता. परंतु १९७२ साली इराकने सोव्हिएट युनियनशी मैत्रीचा तह केला आणि जूनमध्ये परकीय तेलकंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. त्याच सुमारास निक्सन आणि किसिंजर तेहरानला गेले, आणि शहाच्या विनंतीवरून बर्झानींना गुप्तपणे शस्त्रे व पैसा पुरवण्याचे ठरले. अमेरिकेचा वाटा १ कोटी ६० लाख डॉलरांचा होता. पुढे १९७६ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या पाइक समितीचा अहवाल बाहेर फुटला तेव्हा खरा हेतू उघड झाला. कुर्दांनी जिंकावे अशी पुरवठादारांची इच्छाच नव्हती. इराकला दमवण्याइतकेच त्यांनी लढत राहावे, आणि ही गोष्ट लढणाऱ्यांना कळू नये, असे ते धोरण होते.

६ मार्च १९७५ रोजी अल्जीअर्स येथे शहा आणि सद्दाम हुसेन यांनी शत्त-अल-अरब नदीच्या सीमेवर तडजोड केली. शहाला नदीतील सीमा मनासारखी मिळाली. बदल्यात त्याने कुर्दांची मदत थांबवली. अवघ्या काही दिवसांत मोर्चा ढासळला, लाखावर माणसे निर्वासित झाली. इकडे सोव्हिएट युनियन, ज्याने याच बर्झानींना १९४७ पासून अकरा वर्षे आश्रय दिला होता, ते तोवर बगदादला शस्त्रे पुरवत होते. म्हणजे एकाच समाजाला दोन्ही गटांनी आळीपाळीने वापरले. बर्झानी १९७९ साली वॉशिंग्टनमध्ये वारले.

पुढील पाने भराभर उलटतो. १९८८ साली सद्दामच्या राजवटीने ‘अनफाल’ या नावाखाली कुर्द खेडी उद्ध्वस्त केली. या मोहिमेत किमान पन्नास हजार आणि कुर्दांच्या हिशेबाने १ लाख ८२ हजार माणसे मारली गेली. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या गावावर विषारी वायूचे बाँब पडले आणि सुमारे पाच हजार माणसे गेली. त्या वेळी इराणविरुद्ध लढणारा सद्दाम पाश्चात्त्य राष्ट्रांना हवासा होता. १९९१ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष बुश यांनी इराकी जनतेला सद्दामला हटवण्याचे आवाहन केले. कुर्द उठले, आणि सद्दामची हेलिकॉप्टरे त्यांना चिरडत असता अमेरिकी सैन्य शेजारी उभे राहून पाहत होते. लाखो माणसे बर्फाळ डोंगरांत पळाली, दूरचित्रवाणीवर ती दिसली, जगाची लाज जागी झाली, तेव्हा कोठे सुरक्षा परिषदेचा ६८८ क्रमांकाचा ठराव झाला आणि ३६ व्या अक्षांशाच्या उत्तरेस इराकी विमानांना बंदी झाली. सीरियात २०१४ पासून इस्लामिक स्टेटविरुद्धच्या लढाईत कुर्दांच्या नेतृत्वाखालील दलाने सुमारे अकरा हजार माणसे गमावली. २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकी सैनिक सीमेवरून मागे घेतले गेले आणि तुर्कस्तानची फौज आत घुसली.

मित्रहो, एवढ्या पानांवर जमेची बाजू मुळीच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९१ च्या विमानबंदीमुळे हजारो जीव वाचले आणि इराकच्या उत्तरेस कुर्दांचे स्वतःचे विधिमंडळ १९९२ साली उभे राहिले. आपल्यापैकी जे प्रत्येक परकीय हस्तक्षेपास साम्राज्यवाद म्हणून मोकळे होतात, त्यांनी त्या डोंगरांतील एखाद्या मातेपुढे उभे राहून हा युक्तिवाद करून दाखवावा. परंतु तेथे जे उपयोगी पडले ते उघड, आंतरराष्ट्रीय ठरावाच्या आधाराने आलेले आणि जीव वाचवण्यापुरते मर्यादित असे साहाय्य होते. जे घातक ठरले ते गुप्त होते, शस्त्रांचे होते, आणि शेजाऱ्याला शह देण्यासाठी दिलेले होते. हा भेद आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

आता थोडे अर्थशास्त्र. २५ सप्टेंबर २०१७ रोजी इराकी कुर्दिस्तानात सार्वमत झाले. ७२ टक्के मतदान झाले आणि त्यातील जवळजवळ ९३ टक्के लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. अमेरिका, ब्रिटन, तुर्कस्तान, इराण या सर्वांनी विरोध केला होता; उघड पाठिंबा दिला तो इस्रायलने, आणि तोही पॅलेस्टिनींना तोच हक्क नाकारीत असता. तीन आठवड्यांत, १६ ऑक्टोबरला, इराकी फौजांनी किर्कुक घेतले. आंतरराष्ट्रीय विमानसेवा कित्येक महिने बंद पडली. मसूद बर्झानी यांनी अध्यक्षपद सोडले. लोकांचा कौल खरा होता. मग तो टिकला का नाही?

लष्करी उत्तर सर्वांना ठाऊक आहे. आर्थिक उत्तर असे की, या प्रदेशाला समुद्र नाही. त्याचे उत्पन्न प्रायः तेलाचे, ते तेल बाहेर नेणारी पाइपलाइन तुर्कस्तानातील जेहान बंदराकडे जाते, आणि तिची चावी अंकाराच्या हाती आहे. सरकारी पगारावर अवलंबून असलेल्यांची संख्या बारा लाखांच्या वर. तो पगार बगदादहून येणाऱ्या वाट्यावर चालतो. २०१४ साली बगदादने तो वाटा रोखला तेव्हा शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकले. २०२३ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने तुर्कस्तानविरुद्ध निकाल दिल्यावर पाइपलाइन बंद झाली, ती २०२५ च्या सप्टेंबरअखेरीपर्यंत बंदच राहिली. ज्या सरकारचा पगारपत्रक भरण्याचा अधिकार दोन परक्या राजधान्यांत आहे, त्याला केवळ झेंडा देऊन स्वतंत्र करता येत नाही. उद्या वॉशिंग्टनने मान्यता दिली तर बगदादचे ओझे जाईल आणि वॉशिंग्टनचे व अंकाराचे येईल. दक्षिण सुदानला २०११ साली साऱ्या जगाने मान्यता दिली. तेल त्याचे, पाइपलाइन उत्तरेतून, आणि अडीच वर्षांत यादवी. मान्यता देणारे झेंडावंदनाला आले. नंतरच्या उपासमारीत त्यांच्या मदतीचा जोर काही तसा राहिला नाही.

तेलाच्या राज्याचा आणखी एक दोष आहे. ज्या सरकारला कराऐवजी तेलावर जगता येते त्याला प्रजेला जाब देण्याची गरज उरत नाही. इराकी कुर्दिस्तानात दोन घराण्यांच्या दोन पक्षांनी सत्ता, फौज आणि उत्पन्न वाटून घेतले. १९९४ पासून ते एकमेकांशी लढले, आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये एका पक्षाने दुसऱ्यावर मात करण्यासाठी खुद्द सद्दामच्या रणगाड्यांना अर्बिलमध्ये बोलावले. तेही अनफालनंतर आठच वर्षांनी. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सिंजारमधून कुर्द फौजा मागे सरल्या आणि यझिदी लोक कत्तलीच्या तोंडी गेले. किर्कुकमध्ये तुर्कमेन आहेत, अरब आहेत, ख्रिस्ती आहेत. स्वयंनिर्णयाचा हक्क त्यांनाही आहे. हे सारे सांगितल्याने कुर्दांचा हक्क रतिभरही कमी होत नाही. परंतु बाहेरची सत्ता मदत करते तेव्हा ती ‘कुर्द जनता’ नावाच्या कोणाला करत नाही. एका पक्षाला, एका घराण्याला, एका सेनापतीला करते. तो बलिष्ठ होतो, आणि त्याच्या विरोधातील कुर्द कामगाराचा व शिक्षकाचा आवाज तेवढाच क्षीण होतो.

आता त्या तरुण साथीच्या बांगलादेशाकडे वळतो. तेथे १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या १६९ जागांपैकी १६७ अवामी लीगला मिळाल्या होत्या. निकाल मानण्याऐवजी लष्कराने कत्तल आरंभली. प्रदेश एकाच राज्याचा आणि उरलेल्या राज्यापासून हजार मैल दूर. एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्या दारी आले होते. युद्ध संपल्यावर तीन महिन्यांत, मार्च १९७२ मध्ये, भारतीय सैन्य परत आले. आपल्या सरकारचा त्यात स्वार्थ नव्हता असे मी म्हणणार नाही. पण लोकांचा कौल आधी होता आणि फौज नंतर आली, लवकर परतली. कुर्दांचा प्रदेश चार राज्यांत वाटला गेलेला आहे आणि त्याला समुद्राकडे जाणारी वाट देणारा एकही मित्र शेजारी नाही. तेव्हा हे उदाहरण जसेच्या तसे लागू पडत नाही.

खरे तर आपल्याच देशाचे दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९८० नंतरच्या दशकात आपल्या सरकारने श्रीलंकेतील तमिळ गटांना शस्त्रे व प्रशिक्षण दिले, आणि १९८७ साली कोलंबोशी करार करून त्यांची शस्त्रे काढून घेण्यासाठी आपलीच फौज पाठवली. हजारावर भारतीय जवान तेथे पडले. तमिळांना त्यातून काय मिळाले, ते सांगण्याची गरज नाही. आश्रयदाता दिल्लीत असो वा वॉशिंग्टनमध्ये, हा व्यवहार असाच संपतो.

आणि थोडे आत्मपरीक्षण. पॅलेस्टाइन, दक्षिण आफ्रिका, तिबेट यांसाठी आपण मोर्चे काढले, सभा घेतल्या. हलब्जासाठी किती घेतल्या? अलिप्त राष्ट्रांची सातवी परिषद बगदादला भरायची होती. युद्धामुळे ती १९८३ साली दिल्लीला भरली. सद्दाम आपल्या देशाचा मित्र, पॅलेस्टाइनचा कैवारी, तेलाचा पुरवठादार. म्हणून त्याच्या कुर्द प्रजेचे हाल आपल्या डोळ्यांआड राहिले. तुर्कस्तानात कुर्दांना ‘पहाडी तुर्क’ म्हणत, १९८३ च्या कायद्याने त्यांच्या भाषेवर बंदी होती, ती १९९१ साली उठली. आणि त्याच वर्षी लेला झाना यांनी संसदेत शपथेनंतर एक वाक्य कुर्द भाषेत उच्चारले, तर पुढे त्यांना दहा वर्षे तुरुंगात काढावी लागली. सीरियाने १९६२ च्या एका शिरगणतीत सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचे नागरिकत्व काढून घेतले. भाषावार प्रांतासाठी ज्या महाराष्ट्राने रक्त सांडले, त्याला हे दुःख समजावून सांगावे लागू नये. ‘साम्राज्यवाद्यांचा डाव’ असे म्हणून आपण या सगळ्यावर पडदा टाकत असू, तर आपणही अल्जीअर्सच्या करारावर सही केल्यासारखे होईल.

तर मग आपली भूमिका काय असावी? मी ती अशी मांडतो. कोणत्याही परकीय सत्तेने शस्त्रबळाने कुर्द राज्य घडवू नये आणि कोणत्याही कुर्द गटाला गुप्त शस्त्रपुरवठा करू नये. मात्र जी राष्ट्रे कुर्दांवर वापरली जाणारी विमाने, तोफा व रसायने विकतात त्यांनी ती विक्री प्रथम थांबवावी. हलब्जाच्या वायूचा कच्चा माल विकणाऱ्या एका डच व्यापाऱ्याला शिक्षा व्हायला २००५ साल उजाडले. भाषा, नागरिकत्व आणि स्थानिक राज्यकारभार यांचा आग्रह चारही राज्यांत एकाच मापाने धरावा. शत्रूच्या देशातील कुर्द तेवढे स्वातंत्र्यसैनिक आणि मित्राच्या देशातील दहशतवादी, हा न्याय चालणार नाही. आणि एखाद्या भागातील लोकांनी, तेथील अल्पसंख्याकांना हमी देऊन, वाटाघाटीने ठरलेल्या खुल्या मतदानात वेगळे होण्याचा निर्णय घेतला, तर तो मान्य करावा. पूर्व तिमोरात १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली असा कौल घेतला गेला होता. तोही रक्तपातावाचून पार पडला नाही. तरी तो टिकला, कारण तो कोणाच्या खिशातून आलेला नव्हता.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. पण अब्दुल्ला ओजलान यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत तुरुंगातून आवाहन केले आणि मे महिन्यात त्यांच्या संघटनेने १९८४ पासूनचा सशस्त्र लढा संपवून स्वतः विसर्जित होण्याचे जाहीर केले. चाळीस हजार माणसे गेल्यावर हे घडले. सीरियातही २०२५ च्या मार्चमध्ये दमास्कस आणि कुर्द नेतृत्व यांच्यात करार झाला. त्यावरून पुढे तंटे झालेच. या वाटेवर विश्वासघात होणार नाही असे मी सांगू शकत नाही. परंतु येथे निदान समोरासमोर बसून विश्वासघात करावा लागतो.

शेवटी माझ्या विषयाच्या एका माणसाची आठवण सांगतो. अब्दुल रहमान कासिमलू अर्थशास्त्राचे अध्यापक होते, प्रागमध्ये शिकवत. इराणला लोकशाही आणि कुर्दिस्तानला स्वायत्तता, ही त्यांच्या पक्षाची घोषणा. १३ जुलै १९८९ रोजी व्हिएन्नात इराणच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी करत असता त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ऑस्ट्रियाने संशयितांना जाऊ दिले. त्यांच्या जागी आलेले सादिक शरफकंदी १९९२ च्या सप्टेंबरात समाजवादी आंतरराष्ट्रीयच्या अधिवेशनासाठी बर्लिनला आले. आपल्याच विचारांच्या माणसांच्या मेळाव्याला ते आले होते. तेथील एका उपाहारगृहात त्यांचा तीन सहकाऱ्यांसह खून झाला. पण जर्मनीतील न्यायालयाने साडेतीन वर्षे खटला चालवला आणि १९९७ साली, व्यापाराची पर्वा न करता, या खुनाचा आदेश तेहरानच्या सर्वोच्च वर्तुळातून आला असे निकालपत्रात लिहिले.

व्हिएन्ना आणि बर्लिन यांतील अंतर हेच माझ्या आजच्या भाषणाचे तात्पर्य. कुर्दांना बंदुका देणारे पुष्कळ भेटले. त्यांच्या बाजूने न्यायासनावर बसून, नफ्यातोट्याचा हिशेब बाजूला ठेवून, सत्य लिहिणारे फार थोडे भेटले. परकीय सत्तांकडून काही मागायचेच असेल तर आपण हे दुसरे मागावे. आणि मागण्यापूर्वी आपल्या दिल्लीकडून ते मागण्याची तयारी ठेवावी.